बिवा सरोवर आणि धुण्याची पावडर

मे १९७७ च्या अखेरीस जपानमधल्या बिवा सरोवराचे पाणी जागोजागी तांबूस-तपकिरी झाले आणि त्याला माशांसारखा उग्र वास येऊ लागला. समुद्रात असे होते हे जपानी लोकांना माहीत होते. त्याला ते ‘लाल भरती’ म्हणतात. पण हे गोडे पाणी होते आणि लोक ते पीत होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यात युरोग्लेना अमेरिकाना या सोनेरी-तपकिरी शैवालाचे असंख्य गोळे दिसले. एकेका गोळ्यात शेकडो पेशी चिकट द्रवात एकत्र बसलेल्या असतात.

वर्गात जपानचा नकाशा असेल तर क्योटो शहर शोधा. त्याच्या ईशान्येला जी लांबट निळी आकृती दिसते ते बिवा सरोवर. क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर, वय काही लाख नव्हे तर जवळजवळ ४० लाख वर्षे. उत्तरेकडचा भाग शंभर मीटरपेक्षा खोल, दक्षिणेकडचा अगदी उथळ, सरासरी चार मीटर. आजूबाजूच्या डोंगरांतून चारशेहून अधिक लहानमोठ्या नद्या-ओढे त्यात येतात. बाहेर पडायची नैसर्गिक वाट मात्र एकच, सेता नदी. तीच पुढे उजी आणि मग योदो या नावाने ओसाकाच्या उपसागराला मिळते. या पाण्यावर क्योटो, ओसाका, कोबे धरून सुमारे १ कोटी ४० लाख लोकांची तहान भागते.

आणखी एक गोष्ट नकाशावर दिसते. सरोवराभोवतीच्या शिगा प्रांताची हद्द आणि सरोवराच्या पाणलोटाची हद्द जवळजवळ एकच आहे. आपल्याकडे एका नदीचे खोरे अनेक जिल्ह्यांत, कधी दोन-तीन राज्यांत वाटलेले असते. मग घाण कोणाची आणि जबाबदारी कोणाची हा वाद मिटत नाही. शिगात सरोवरात पोचणारी जवळजवळ सगळी घाण शिगाचीच होती. पुढे जे घडले त्यात या भूगोलाचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

पण आधी थोडे मागे जाऊ. सरोवराच्या पश्चिमेकडे हारिए नावाचे गाव आहे. तिथे घरोघरी ‘कबाता’ असते. म्हणजे घरालगतची झऱ्याच्या पाण्याची मोरी म्हणा ना. जमिनीतून वर येणारे पाणी पहिल्या कुंडात पडते, ते पिण्याचे. तिथून ओसंडून दुसऱ्या कुंडात जाते, तिथे भाजी धुवायची. शेवटच्या मोठ्या कुंडात मासे पाळलेले असतात. खरकटी भांडी तिथे बुडवली की भाताची शिते मासे खाऊन टाकतात. मग पाणी गावच्या ओढ्यात जाते आणि ओढा सरोवरात. काठावरच्या इतर गावांतही ओढ्याचे पाणी पिण्यासाठी भरत. त्यामुळे बाळाची दुपटी ओढ्यात धुवायची नाहीत यासारखे नियम होते, कारण खालच्या अंगाला शेजारीण पाणी भरत असे. मैला ओढ्यात जात नव्हता, शेतात खत म्हणून जात होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर दहा-वीस वर्षांत हे सगळे बदलले. घरात नळ आला आणि ओढ्याचे पाणी प्यायचे कारण उरले नाही. शेतात रासायनिक खत आले आणि मैल्याची किंमत गेली. घरात धुलाईयंत्र आले, त्याबरोबर धुण्याची पावडर आली. मोरीचे पाणी नळीने गटारात आणि गटारातून ओढ्यात जाऊ लागले. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. नळ आल्याचा आनंद काय असतो, हे डोक्यावर हंडे वाहिलेल्या कोणत्याही बाईला विचारावे. पण नळाचे पाणी लांबून येऊ लागल्यावर दाराजवळच्या ओढ्याकडे गावाने पाठ फिरवली. सरोवराच्या दक्षिण काठावर कारखाने आणि वस्ती वाढली. १९६९ पासून क्योटोच्या नळाच्या पाण्याला बुरशीसारखा वास येऊ लागला. लोकांनी नाक दाबून काही वर्षे काढली.

आता थोडे रसायनशास्त्र. साबण कठीण पाण्यात नीट काम करत नाही. विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि दुधासारखा फुटका साका तरंगतो, हे विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावतात आणि न विरघळणारा पदार्थ तयार होतो. डिटर्जंटमध्ये यावर उपाय म्हणून सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट घालत. ते कॅल्शियमला पकडून ठेवते आणि मळ काढणाऱ्या रेणूंना मोकळे सोडते. कपडे निघतात, फॉस्फेट मोरीतून वाहून जाते. फॉस्फेट विषारी नाही. पिकाला आपण देतो ते स्फुरद हेच. अडचण तिथेच आहे. गोड्या पाण्यातल्या सूक्ष्म शैवालांना बाकी बहुतेक सर्व काही मिळते, फॉस्फरस मात्र बेताचाच असतो. तो मिळाला की शैवाल बेसुमार वाढते. मग ते मरते, कुजते आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवते. याला अतिपोषण म्हणतात. जपानचे पाणी बहुतांशी मृदू आहे. तिथे साध्या साबणानेही कपडे चांगले निघत होते. फॉस्फेटची फारशी गरज नसलेल्या प्रदेशात फॉस्फेटची पावडर घरोघर गेली होती.

१९७० च्या आसपास शिगातल्या काही बायका डिटर्जंटविरुद्ध बोलू लागल्या होत्या, पण सरोवरासाठी नव्हे. हाताची कातडी फाटते, बाळाच्या अंगावर पुरळ उठते, ही त्यांची तक्रार होती. ग्राहक संघटना, महिला मंडळे, शेतकरी सहकारी संस्थांच्या महिला शाखा यांच्यातून साबणाच्या चुऱ्याचा प्रचार सुरू झाला. मग १९७७ ची लाल भरती आली. सरोवरात येणाऱ्या एकूण फॉस्फरसपैकी जवळजवळ पाचवा भाग घराघरातल्या डिटर्जंटमधून येतो, असा त्या वेळचा हिशोब निघाला. तोवर या बायका स्वतःला कंपन्यांच्या मालाचे बळी समजत होत्या. आता लक्षात आले की सरोवर घाण करणाऱ्यांत आपणही आहोत आणि ती घाण आपल्याच मोरीतून जाते.

या जाणिवेने चळवळीचे रूप बदलले. १९७८ मध्ये अनेक संघटना एकत्र येऊन साबण वापरण्याची प्रांतव्यापी मोहीम उभी राहिली. गल्लोगल्ली बैठका झाल्या. धुलाईयंत्रात साबणाचा चुरा कसा विरघळवायचा, किती घ्यायचा, हे बायका एकमेकींना शिकवत होत्या, कारण नीट न विरघळलेला साबण कपड्यांवर पिवळट थर धरतो. तळणीचे उरलेले तेल मोरीत न ओतता गोळा करायचे आणि त्याचाच साबण करायचा, हाही उद्योग सुरू झाला. १९८० पर्यंत साबण वापरणाऱ्या घरांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे गेले. एवढ्या घरांनी आपली धुण्याची सवय दोन-तीन वर्षांत बदलली, तीही कायद्याची सक्ती लागू होण्याआधी.

प्रांताचे निवडून आलेले गव्हर्नर मासायोशी ताकेमुरा यांनी ही संधी ओळखली. ऑक्टोबर १९७९ मध्ये प्रांताच्या विधिमंडळाने अतिपोषण रोखण्याचा कायदा मंजूर केला आणि १ जुलै १९८० पासून तो अमलात आला. कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर जपानमध्ये प्रथमच मर्यादा आली. फॉस्फेट असलेल्या डिटर्जंटची शिगात विक्री, वापर आणि भेट देणे या तिन्ही गोष्टींवर बंदी आली. भेट देणे का? जपानमध्ये उन्हाळ्यात आणि वर्षअखेरीस आप्तांना, वरिष्ठांना भेटी पाठवायची रीत आहे आणि डिटर्जंटचे खोके ही त्यातली नेहमीची भेट होती. कायदा लिहिणाऱ्यांना लोकांची घरे चांगली माहीत होती.

डिटर्जंट उद्योगाने जोरदार विरोध केला. व्यवसायस्वातंत्र्याचा मुद्दा काढला. फॉस्फरस फक्त डिटर्जंटमधून येत नाही, मैल्यातून, शेतातून, कारखान्यांतूनही येतो, असे सांगितले. साबण जास्त लागतो आणि त्यामुळे पाण्यातला सेंद्रिय भार वाढतो, असेही म्हटले. मला वाटते, शिक्षकांनी इथे थोडे थांबावे. हे युक्तिवाद स्वार्थापोटी केलेले होते, तरी शेवटचे दोन खोटे नव्हते.

पुढची गोष्ट चळवळीच्या गौरवगाथांत घाईने उरकली जाते. कायदा येत असतानाच कंपन्यांनी फॉस्फेटऐवजी झिओलाइट घातलेली पावडर बाजारात आणली. झिओलाइट हे सच्छिद्र खनिज. ते आपल्याजवळचे सोडियम देऊन पाण्यातले कॅल्शियम घेते, म्हणजे काम तेच. काही वर्षांतच जपानभर घरगुती डिटर्जंट बहुतेक फॉस्फेटमुक्त झाले. शिगातल्या बायकांनी सगळ्या देशाची पावडर बदलायला लावली, असे म्हणता येईल. पण त्याच वेळी त्यांच्या स्वतःच्या घरांतला साबण मागे पडला. पावडरीत फॉस्फेटच नाही तर साबणाचा खटाटोप कशाला? वापराचे प्रमाण घसरत गेले. आणि लाल भरती? ती त्यानंतरही अनेक वसंत ऋतूंत आली. सप्टेंबर १९८३ मध्ये दक्षिणेच्या उथळ भागात नीलहरित शैवालाचा हिरवा थरही प्रथमच दिसला.

फॉस्फरस पुढे खरोखर कमी झाला, त्याचे मोठे श्रेय सांडपाणी योजनेला द्यावे लागेल. १९८२ मध्ये दक्षिण काठावर सुरू झालेले शुद्धीकरण केंद्र नायट्रोजन आणि फॉस्फरसही काढून टाकत होते, आणि त्या काळी ही गोष्ट विरळा होती. त्यामागे १९७२ ते १९९७ अशी २५ वर्षे चाललेली प्रचंड सरकारी विकास योजना होती आणि खालच्या अंगाच्या पाणी वापरणाऱ्या शहरांनीही तिचा काही खर्च उचलला. त्याच योजनेतल्या काठावरच्या बांधकामांनी सरोवर बिघडेल म्हणून १९७६ मध्ये नागरिक न्यायालयातही गेले. १९८९ मध्ये ते हरले. लोकसहभाग म्हटले की सरकारच्या हाकेला ओ देणारे लोक डोळ्यांसमोर येतात. हा दावा लावणारेही सहभागीच होते.

साबण मागे पडला, पण १९८० च्या दशकात शिगात दुसरे काही सुरू झाले. समाजशास्त्रज्ञ युकिको कादा आणि त्यांचे सहकारी काठावरच्या गावांत जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारत होते, की पूर्वी पाणी कुठून भरत होता, दुपटी कुठे धूत होता. त्यांच्या लक्षात आले की ‘पाण्याची गुणवत्ता’ या शब्दांनी गावकरी बोलतच नाहीत. ते ओढा जवळ वाटतो की लांब, याबद्दल बोलतात. १९८९ पासून दहा वर्षे नागरिकांनी आपापल्या ओढ्याकाठी काजवे मोजले. जपानचा गेंजी काजवा अळी असताना पाण्यात राहतो आणि कावानिना नावाची गोगलगाय खातो. ही गोगलगाय अगदी निर्मळ डोंगरी झऱ्यापेक्षा वस्तीजवळच्या, थोडे अन्न वाहून आणणाऱ्या ओढ्यात चांगली वाढते. ओढ्याचा तळ आणि काठ सिमेंटने बांधले तर मात्र काजवा जातो, कारण काठाच्या मातीत त्याचा कोश होतो. काजवे मोजताना लोकांना हे सगळे कळत गेले. याच कादा २००६ ते २०१४ या काळात शिगाच्या गव्हर्नर होत्या.

१९८३ मध्ये प्रांताने ‘उमिनोको’ नावाचे जहाज सरोवरात सोडले. ती तरंगती शाळा आहे. शिगातल्या पाचवीच्या मुलांना या जहाजावर एक रात्र राहायला नेतात. आजवर पाच लाखांहून अधिक मुले त्यावर जाऊन आली. जुने जहाज २०१८ मध्ये निवृत्त झाले आणि त्याच नावाचे नवे आले.

सरोवराची प्रकृती आज वेगळीच आहे. लाल भरती अलीकडे दिसेनाशी झाली आहे. पण २०१९ च्या हिवाळ्यात एक नवी गोष्ट झाली. दर हिवाळ्यात वरचे थंड, ऑक्सिजनयुक्त पाणी जड होऊन तळाशी जाते. याला तिथे ‘बिवाचा दीर्घ श्वास’ म्हणतात. हिवाळा उबदार असल्यामुळे २०१९ मध्ये उत्तरेच्या सर्वांत खोल भागात हे मिश्रण पूर्ण झाले नाही. १९७९ पासूनच्या नोंदींत ही पहिलीच वेळ होती. २०२० मध्येही तसेच झाले. याचे कारण शिगातल्या मोऱ्यांत शोधून सापडणार नाही. पाणलोटाची हद्द इथे पुरत नाही.

जहाजावरची मुले अजूनही जाळीने प्लवक पकडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजतात. दक्षिणेच्या भागात ती लवकर दिसेनाशी होते. उत्तरेला दोरी बरीच सोडावी लागते.