काकांचं चिलखत

रिलीजच्या गडबडीत गेले तीन विकांत इथे काहीच लिहिता आलं नाही, त्याबद्दल मंडळींची माफी. मधल्या काळात दोन दिवस पालीला जाऊन आलो. पाली म्हणजे अष्टविनायकातली नव्हे बरं का, रत्नागिरीची. मुंबई-गोवा हायवेवर हातखंबा सोडलं की लागते आणि तिथून कोल्हापूरचा रस्ता फुटतो. माझे काका तिथे काजूचा व्यापार करतात.

रात्री जेवणं झाल्यावर ओटीवर बसलो होतो. काकांनी हळूच विचारलं, "बाबू, ते बुलेटप्रूफ जाकीट ऑनलाइन मिळतं का रे?" मला वाटलं चेष्टा करतायत. पण नाही. महिन्याभरापूर्वी त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याला अंधार पडल्यावर मोटरसायकलवरच्या दोघांनी अडवलं, चाकू दाखवला आणि पैशांची पिशवी नेली. काका स्वतः आठवड्यातून दोनदा वसुलीची रोकड घेऊन स्कूटरने रत्नागिरीला जातात, वीसेक किलोमीटर. तेव्हापासून काका घरी येईपर्यंत काकू दारात उभी असते. "तू इंजिनियर ना? मग कुठलं घेऊ ते सांग," काका म्हणाले.

मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. परतीच्या बसमध्ये मात्र तोच विचार डोक्यात होता, आणि मराठी माणसाने चिलखताचा विचार केला की गाडी प्रतापगडावर जाणारच.

१० नोव्हेंबर १६५९. अंगरख्याखाली चिलखत, मंदिलाखाली लोखंडी टोप. खानाने मिठीत मान दाबून कट्यारीचा वार केला, तो चिलखतावरून घसरला. चौथीच्या पुस्तकापासून आपल्याला एवढं पाठ असतं. वाघनखं आणि चिलखत, दोन वस्तूंची गोष्ट. पण जरा मागे जाऊन बघा. खान वाईला होता तेव्हाच पंताजी गोपीनाथ त्याच्या छावणीत वकील म्हणून जाऊन आले होते, आणि खानाच्या मनात काय आहे याचा अंदाज घेऊन आले होते. मग भेटीची जागा. खान वाईला बोलवत होता. महाराजांनी त्यालाच जावळीच्या जंगलात, गडाच्या पायथ्याशी आणलं. सोबत किती माणसं आणायची ते आधी ठरलं, प्रत्येकी दहा. सय्यद बंडा शामियान्यात जवळ उभा आहे म्हटल्यावर त्याला दूर करायला लावलं आणि मगच महाराज पुढे गेले. आजूबाजूच्या रानात फौज लपलेली, आणि तोफेचा आवाज झाला की तुटून पडायचं हा इशारा ठरलेला.

हे सगळं करून झाल्यावर अंगावर चिलखत चढवलं. म्हणजे आधीचे सगळे उपाय फसलेच, तर शेवटची सोय म्हणून. आमच्या भाषेत सांगायचं तर ते एक्सेप्शन हँडलर होतं, डिझाइन नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. धोका काय आहे ते नेमकं माहीत होतं: एक माणूस, एक हात अंतर, लपवलेलं पातं, एक ठरलेला दिवस. कड्यांचं चिलखत पात्याला अडवतं. उत्तर प्रश्नाला बरोबर बसत होतं.

एरवी मराठ्यांचं घोडदळ चिलखताच्या फार नादी लागलं नाही. जडशीळ बख्तर घातलेला मोगल स्वार एकीकडे आणि हलका घोडा, भाला, थोडी शिदोरी घेतलेला मराठा दुसरीकडे. वार अंगावर झेलण्यापेक्षा वार होईल तिथे नसणं बरं, असा साधा हिशेब होता. आणि तो चुकला की काय होतं तेही पालीपासून तासाभराच्या अंतरावरच घडलंय. फेब्रुवारी १६८९ मध्ये मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूने सह्याद्री ओलांडून संगमेश्वरावर चालून आला आणि संभाजीराजे पकडले गेले. तिथे प्रश्न चिलखताचा नव्हताच. शत्रू इतक्या वेगाने इथवर पोचेल हेच कुणी धरलं नव्हतं.

बंदुका आल्यावर कड्यांचं चिलखत निकामी झालं. साध्या कपड्यांत फिरणाऱ्या माणसासाठी गोळीरोधक जाकीट ही तशी अलीकडची कल्पना. जून १८९७ मध्ये चापेकरांनी पुण्यात रँडला गोळी घातली. त्याच वर्षी तिकडे शिकागोत काझिमिर झेग्लेन नावाचा पोलिश धर्मगुरू रेशमाच्या थरांचं जाकीट लोकांना दाखवत होता. चार वर्षं आधी तिथल्या महापौराचा घरात घुसून खून झाला होता, त्यावरून त्याने हे मनावर घेतलं म्हणतात. पुढे १९६५ साली ड्युपॉन्टमध्ये स्टेफनी क्वोलेक यांना जो धागा सापडला त्याचं केव्हलर झालं.

आता काकांच्या जाकिटाकडे येतो. केव्हलरचं मऊ जाकीट पिस्तुलाची गोळी धरतं, कारण आदळल्यावर गोळी चपटी होते आणि तिचा जोर शेकडो धाग्यांत वाटला जातो. चाकूचं टोक चपटं होत नाही, ते धाग्यांच्या मधून वाट काढतं. चाकूसाठीची जाकिटं वेगळी असतात, त्यांच्या चाचण्याही वेगळ्या. म्हणजे काकांनी जालावरून "बुलेटप्रूफ" मागवलं असतं, तर चाकूवाल्यापुढे त्यापेक्षा प्रतापगडावरचं चिलखत उजवं ठरलं असतं! उलट एके-४७ सारख्या रायफलची गोळी तेच मऊ जाकीट भेदून जाते; तिच्यासाठी सिरॅमिक किंवा पोलादाच्या पट्ट्या घालाव्या लागतात, आणि मग वजन आठ-दहा किलोपर्यंत सहज जातं.

आणि सगळं ठीक असूनही जे उरतं, ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री आपण पाहिलं. सीएसटीला हेमंत करकरे हेल्मेट आणि जाकीट चढवतायत ते दृश्य टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय. थोड्याच वेळात कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर तिघेही गेले. करकऱ्यांना गोळ्या खांद्याच्या वरच्या भागात लागल्या, जिथे जाकिटाचं संरक्षण नसतं, असं सरकारकडून नंतर सांगण्यात आलं. जाकीट चांगलं होतं की निकृष्ट, हा वाद वेगळा चालला. पण तपासायला जाकीटच उरलं नव्हतं. कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात विचारलं, तेव्हा ते गहाळ झाल्याचं उत्तर मिळालं. २०१४ मध्ये त्याही गेल्या. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्याकडे फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी हाताने धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला.

हे लिहिताना थोडा वेळ थांबलो होतो. असो.

मग कुणी घेऊच नये का? असं मी म्हणणार नाही. रोकड गाडीवरचा रखवालदार, युद्धभूमीवर जाणारा पत्रकार, नाव घेऊन धमकी आलेला माणूस, यांनी जरूर घ्यावं. त्यांना धोका कुठला आणि कधी हे साधारण माहीत असतं, आणि तेवढ्या वेळेपुरतं ते घालता येतं. रोज, कायम घालणं हेच अवघड. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधी टीव्हीच्या मुलाखतीसाठी निघाल्या होत्या आणि त्या सकाळी त्यांनी जाकीट घातलं नव्हतं, असं सांगितलं जातं. पंतप्रधानांचं हे, मग मे महिन्यात पालीच्या घामात स्कूटर चालवणाऱ्या काकांचं काय? पहिला आठवडा घालतील, मग ते खुंटीवर. शिवाय घातलं तर "आता बघतोच एकेकाला" म्हणून चार हजारांच्या पिशवीसाठी चाकूवाल्याशी झोंबतील, आणि मान तर उघडीच. मला खरी भीती याची वाटते.

गेल्या रविवारी फोन करून हे सगळं सांगितलं. वसुली जमेल तितकी यूपीआयवर घ्या, उरलेली रोकड पालीतच बँकेत भरा, रत्नागिरीला जायचंच तर उजेडात आणि दर वेळी वेगळ्या दिवशी. पंताजी गोपीनाथांचं काम आधी, चिलखत नंतर. काकांना पटलं असावं, कारण मध्ये एकदाही "बरं बरं" म्हणून तोडलं नाही.

मग मी म्हटलं, चिलखत घ्यायचंच असेल तर एक घ्या, आजच घ्या. २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, आणि त्यात दुचाकीवाले सगळ्यांत जास्त. हातखंब्याचा उतार तुम्ही आठवड्यातून दोनदा उघड्या डोक्याने उतरता.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "अरे बाबू, हेल्मेटनं टाळू तापते रे."

मागून काकूचा आवाज आला, "द्या इकडे तो फोन."