परतीचा धूर : ईजीआर वॉलची कुळकथा

वाफेच्या इंजिनाचा 'छुक' हा आवाज चाकांचा नसतो. दट्ट्या ढकलून झाल्यावर वाफ सिलिंडरातून बाहेर पडते, तिचा तो आवाज. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार वेळा. काम झालेली वाफ तशीच हवेत सोडून देता आली असती. पण जुन्या कारागिरांनी तिला आणखी एका कामाला लावलं. धुराड्याच्या बरोबर खाली अरुंद तोंडाची एक नळी बसवली आणि वाफ तिच्यातून वर फेकली. वर झेपावणारी वाफ भट्टीतला धूर सोबत ओढून नेते, आणि त्या ओढीनं भट्टीत नवा वारा शिरतो. चढावर इंजिन जितका जोर करील तितकी वाफ जोरात सुटणार आणि तितकी आग फुलणार. १८२९ सालच्या स्टीफन्सनच्या 'रॉकेट'मध्ये ही नळी होती, आणि पूर्णा जंक्शनच्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या मीटरगेजच्या अखेरच्या इंजिनांतही होती.

माझे वडील त्या इंजिनांवर फायरमन होते. पावसाळ्यात ओल्या सरपणानं चूल पेटत नसली की आई फुंकणी शोधायची आणि वडील म्हणायचे, "आमचं इंजिन स्वतःची चूल स्वतःच फुंकतं." हे वाक्य पुन्हा आठवलं ते माझी पन्नाशी उलटल्यावर, पूर्णेतल्याच एका गॅरेजात, माझ्या डिझेल गाडीचं बॉनेट उघडं असताना.

गाडीनं आठवडाभर हैराण केलं होतं. नांदेडहून येताना ट्रकच्या पुढे जायला पाय दाबला की गाडी उचलायचीच नाही. मागून काळा धूर, आणि मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा. मिस्त्रींनी स्कॅनर लावला. पडद्यावर पी०४०२ उमटलं : ईजीआरचा प्रवाह हवा त्यापेक्षा जास्त. त्यांनी बोल्ट सोडवले आणि मुठीएवढा एक भाग काढून माझ्या हातात ठेवला. आतल्या झाकणाच्या बुडाशी काजळीची खपली अडकली होती, म्हणून झाकण पुरतं मिटत नव्हतं. ही काजळी कंदिलाच्या काचेवरची कोरडी, भुरभुरीत काजळी नव्हे. डांबरासारखी चिकट, थरावर थर बसलेली. नखानं ओढली की चकाकती वळी निघायची.

"हा करतो काय नेमका?" मी विचारलं.

"सायलेन्सरकडं चाललेला धूर थोडा माघारी इंजिनात घेतो, भाऊ."

मला क्षणभर वाटलं, ही वडिलांचीच नळी. वाया जाणारं पुन्हा कामाला लावायचं. पण मिस्त्रींनी पुढचं सांगितलं तेव्हा कळलं की गोष्ट अगदी उलटी आहे. वाफेच्या इंजिनात वापरून झालेली वाफ आग फुलवण्यासाठी. इथे वापरून झालेला धूर आत आणायचा तो आग दाबण्यासाठी. जी आग फुलवण्यात माणसानं शे-दीडशे वर्षं घालवली, ती मुद्दाम दाबायची वेळ कुणावर आणि का आली? त्या दिवसापासून मी या वॉलचं कूळ शोधू लागलो.

ते निघालं थेट लॉस एंजेलिसला. १९४३ च्या जुलैत त्या शहरावर असा झोंबरा धूर उतरला, की महायुद्धाच्या त्या दिवसांत अनेकांना जपाननं विषारी वायू सोडला असं वाटलं. डोळ्यांतून पाणी, घशात खवखव. पुढे शहराभोवतीच्या मळ्यांतही त्याच्या खुणा दिसू लागल्या. पालेभाज्यांच्या पानांवर चंदेरी, तांबूस डाग पडायचे आणि माल बाजारात नेण्याजोगा राहायचा नाही. कॅलटेक या संस्थेत आरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे नेदरलँड्सचे रसायनशास्त्रज्ञ होते. ते अननसाच्या वासात कोणकोणती द्रव्यं असतात हे शोधत होते. अननसाचा वास पकडायचं तेच कसब त्यांनी शहराच्या हवेवर चालवलं. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी दाखवून दिलं, की मोटारींच्या धुरातलं अर्धवट जळालेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर कडक ऊन पडलं की ओझोन तयार होतो. डोळे चुरचुरवणारं आणि पानं जाळणारं ते धुकं याच खेळातून जन्मतं. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला यातला 'कडक ऊन' हा शब्द लगेच टोचतो.

आता ही ऑक्साइडं येतात कुठून? डिझेलमधून नव्हे, पेट्रोलमधूनही नव्हे. ती हवेतून येतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलिंडरातली ज्वाला साधारण दीड हजार अंश सेल्सियसच्या वर गेली की तोही ऑक्सिजनशी संग करू लागतो, आणि त्यापुढे उष्णता थोडी वाढली तरी हे प्रमाण भराभर चढतं. हे गणित रशियात याकोव झेल्दोविच यांनी १९४६ साली मांडलं होतं. म्हणजे उपाय उघड होता : आगीचा कडकपणा कमी करा. पण इंजिनाचा दम न जाता तो कमी कसा करायचा?

आमच्याकडे रात्री निखारा राखेखाली झाकून ठेवत. तो विझतही नाही, भडकतही नाही. १९६० साली कॅलिफोर्नियातल्या कोपा आणि किमुरा या दोघांनी इंजिनाच्या बाबतीत असाच मार्ग मांडला. जळून गेलेल्या वायूचा काही भाग परत सिलिंडरात सोडायचा. त्यात ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ जास्त. हे दोन्ही जळत नाहीत, नुसती उष्णता पिऊन घेतात. ज्वाला निवते आणि नायट्रोजन पुन्हा गप्प बसतो. १९७० साली अमेरिकेनं स्वच्छ हवेचा कडक कायदा केला, आणि दोन-तीन वर्षांत तिथल्या पेट्रोल गाड्यांत हा वॉल दिसू लागला. एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन या लांबलचक नावाची तीन अक्षरं तेवढी आपल्या गॅरेजांपर्यंत पोचली.

डिझेलमध्ये तो नंतर आला, पण तिथे त्याची गरज जास्त. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाला (पेटंट १८९३ चं, धडपणे चालणारं इंजिन १८९७ चं) पेट्रोलच्या इंजिनासारखी हवा मोजून द्यायची पद्धत नाही. ते पोटभर हवा ओढतं, ती दाबून तापवतं आणि गरजेपुरतं इंधन आत फवारतं. गाडी हळू चालत असताना त्या सिलिंडरात वापरापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन पडून असतो. नायट्रोजनला आणखी काय हवं? म्हणून हलक्या चालीत डिझेल इंजिनात गेलेल्या हवेचा निम्म्यापर्यंतचा भागही हा परतलेला धूर असू शकतो. पाय दाबून पूर्ण ताकद मागितली की मात्र वॉलनं मिटायला हवं, कारण तेव्हा इंजिनाला सगळी हवा ताजी लागते. माझ्या गाडीत तेच घडत नव्हतं.

आपल्या भागात डिझेलचा संसार फार जुना. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात १९४६ साली सुरू झाली, आणि विहिरीवर 'इंजिन बसवलं' म्हणजे काय हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. त्या इंजिनाला धूर किती, कसला, हे विचारणारं कुणी नव्हतं. मोटारींसाठी भारत स्टेजचे नियम २००० पासून लागू होत गेले. डिझेल मोटारीनं दर किलोमीटरला किती नायट्रोजन ऑक्साइड सोडावं याची मर्यादा भारत स्टेज ३ मध्ये ०.५० ग्रॅम होती, ४ मध्ये ०.२५ आणि ६ मध्ये ०.०८. एप्रिल २०१० मध्ये स्टेज ४ आलं ते तेरा शहरांपुरतं. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होतं. परभणी-नांदेडला स्टेज ३ च. डिझेलही वेगळं : तिकडे गंधक दहा लाखांत ५० भाग, इकडे ३५०. देशभर स्टेज ४ आलं २०१७ ला आणि ६ आलं २०२० ला. नियम आवळत गेले तसतसं या वॉलचं काम वाढत गेलं. त्याच्या आधी धूर गार करणारा कूलर बसला, वॉल हलवायला विजेची मोटर आली.

आणि इथेच त्याचं दुखणंही वाढलं. आगीतला ऑक्सिजन कमी केला की नायट्रोजन गप्प बसतो खरा, पण इंधन पुरतं जळत नाही आणि काजळी वाढते. एक दाबा तर दुसरं वर येतं. म्हणजे जी काजळी या वॉलमुळे वाढते, तिच्याच वाटेत त्याला उघडझाप करत राहायचं. त्यात इंजिनाच्या ब्रीदरमधून तेलाची बारीक वाफ हवेच्या नळीत येते. तेल आणि काजळी भेटली की तो डांबरी लगदा होतो. घर ते स्टेशन, स्टेशन ते बाजार, मध्ये रेल्वे फाटकावर इंजिन सुरू ठेवून दहा मिनिटं : अशा वापरात इंजिन नीट तापत नाही, वॉल बहुतेक वेळ उघडा राहतो आणि थर चढत जातो. माझी गाडी महिनोन्‌महिने अशीच फिरली होती. कूलर आतून चिरला तर निराळीच लक्षणं : रेडिएटरचं पाणी कुठेही गळताना दिसत नाही, तरी कमी होत राहतं.

गॅरेजात यावर एक झटपट उपाय असतो. पत्र्याची पट्टी कापायची, पॅकिंगच्या जागी बसवायची, वाट बंद. पिकअप परत येतो, काळा धूर कमी होतो, गिऱ्हाईक खूश. आणि पीयूसीमध्ये गाडी पास होते, कारण तिथे डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा तेवढा मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडं मोजतच नाहीत. वाट बुजवलेली गाडी कागदोपत्री आणखी स्वच्छ ठरायची. मला ही पळवाट मनापासून खुपते. जे डोळ्यांना दिसतं ते कमी झालं आणि न दिसणारं वाढलं, तर हवा सुधारली असं कसं म्हणायचं?

हीच पट्टी एका फार मोठ्या कंपनीनं पत्र्याऐवजी सॉफ्टवेअरमध्ये मारली होती. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं फोक्सवॅगनला पकडलं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गाड्या प्रयोगशाळेबाहेर, रस्त्यावर चालवून मोजल्या होत्या, आणि त्यातून हे बिंग फुटलं. चाचणी चालू आहे हे गाडी ओळखायची आणि तेवढ्यापुरती नियमात वागायची. एरवी रस्त्यावर काही गाड्या मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत ऑक्साइडं सोडत. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेनं तपास केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीनं भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

आमच्या मिस्त्रींनी पट्टीचं नाव काढलं, पण जोर केला नाही. "साफ करू म्हणलं तर दोन तास जातील," एवढंच म्हणाले. मी बसलो. त्यांनी वॉलची मोटरची बाजू वर धरून फक्त तोंडाकडच्या भागावर क्लीनर मारला, कारण द्रव मोटरीत गेला तर सगळंच गेलं. जुन्या टूथब्रशनं घासलं, पुन्हा मारलं, पुन्हा घासलं. झाकण जिथे टेकतं त्या कडेला त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर लावला नाही. तिथे ओरखडा पडला तर ते पुन्हा कधी घट्ट मिटत नाही. मॅनिफोल्डच्या तोंडातली काजळी चमच्यानं निघाली. पत्र्याच्या ताटलीत काळं पाणी साचत गेलं. वडील शेडमधल्या नळ्यांच्या सफाईबद्दल सांगायचे ते मला आठवत होतं : इंजिन गार व्हायची वाट बघायची, मग धुराडीकडचं दार उघडून एकेक नळी साफ करायची. ते घरी यायचे तेव्हा नुसते डोळे तेवढे पांढरे दिसायचे.

नवं पॅकिंग घालून वॉल बसवला. स्कॅनरवरून जुना कोड पुसला आणि वॉलला त्याची मिटल्या-उघडल्याची जागा पुन्हा शिकवली. "ऐका," मिस्त्री म्हणाले आणि इंजिन न लावता नुसती चावी फिरवली. बॉनेटखालून एक बारीक घर्रर्र आला आणि शेवटी टक. झाकण पूर्ण उघडून पूर्ण मिटलं होतं. त्यांनी चावी काढली, पुन्हा फिरवली. पुन्हा टक.