परवाना कोणीं लिहावा?
(कोंकणकिनाऱ्यावरील कार्ताज, कौल व दस्तक)

जुन्या दप्तरांतील रुमाल सोडून पाहणारांच्या अनुभवास एक गोष्ट नेहमीं येते. सनदा, वतनपत्रें, महजर, निवाडपत्रें हीं जपून ठेविलेलीं सांपडतात. दस्तकें व राहदारीचे परवाने क्वचितच हातीं लागतात, आणि लागले तरी ते किरकोळ कागदांच्या पुडक्यांत. याचें कारण उघड आहे. सनदेवर जमीन चाले, महजरावर वतन टिके. म्हणून घराण्यांनीं ते कागद पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. परवान्याचें काम मात्र वाट संपली कीं संपे. परमुलुखांतून सुखरूप घरीं आलेल्या नाखव्यास किंवा यात्रेकरूस मागल्या वर्षाच्या परवान्याचा उपयोग काय? तो पाण्यांत भिजला, वाळवीनें खाल्ला किंवा चुलींत गेला.

आमचें म्हणणें असें कीं, शेजारच्या राज्यांत शिरण्याची किंवा त्याच्या समुद्रांतून जाण्याची मोकळीक देणारा हा चार ओळींचा कागद राज्यसत्तेचा मोठा विश्वासू साक्षीदार आहे. तहनाम्यांत राजा स्वतःस काय म्हणवितो तें दिसतें. परवान्यावरून त्याचें म्हणणें मानणें इतरांस कोठपर्यंत भाग पडत होतें तें कळतें. कोंकणकिनाऱ्यावर सुमारें अडीचशें वर्षें जीं भांडणें झालीं, त्यांपैकीं पुष्कळांच्या मुळाशीं एकच प्रश्न होता: परवाना कोणीं लिहावा व तो कोणीं जवळ बाळगावा?

प्रथम शब्दांविषयीं थोडें लिहितों. जमिनीवरील प्रवाशास ज्या राज्यांतून जावयाचें त्या राज्याचें दस्तक लागे. फारसींत ‘दस्त’ म्हणजे हात; त्यावरून हा शब्द आला. त्यांत वाटेवरील राहदार व चौकीदार यांस आज्ञा असे कीं, अमका मनुष्य इतक्या माणसांनिशीं अमक्या ठिकाणीं जात आहे, त्यास मुजाहीम न होणें, म्हणजे अडथळा न करणें. समुद्रावर याच कामास कौल किंवा दस्तक हे शब्द चालत. पोर्तुगीज लोक आपल्या परवान्यास कार्ताज म्हणत. हा शब्द ‘किर्तास’ म्हणजे कागद या अरबी शब्दापासून निघाला आहे. ज्या अरबी व्यापाऱ्यांच्या दळणवळणास आळा घालण्यासाठीं हा परवाना निघाला, त्यांच्याच भाषेंतून त्याचें नांव घ्यावें लागलें हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

वास्को द गामा १४९८ त कालिकतास आला. त्याच्या १५०२ च्या दुसऱ्या सफरीच्या सुमारास मलबारच्या किनाऱ्यावर हे परवाने देण्यास आरंभ झाला. पुढें १५१० त गोवा, १५१५ त होर्मूझ व १५३५ त दीव येथें पोर्तुगीजांचे पाय रोंवले गेल्यावर या पद्धतीस पक्कें रूप आलें. कार्ताजांत जहाजाचें नांव व आकार, नाखव्याचें नांव, कांहींत त्याचें वयही, जहाजावरील हत्यारें, निघण्याचें बंदर व जाण्याचें बंदर हीं नमूद असत. मिरीसारखा मक्त्याचा माल, युद्धसामग्री व तुर्क उतारू नेण्याची मनाई असे. वाटेंत पोर्तुगीजांच्या ठराविक ठाण्यास लागून जकात भरावी लागे. परवान्याची फी फार नसे. खरी मिळकत या जकातीची होती. परवाना नसलेलें किंवा त्यांतील शर्त मोडणारें जहाज मालासह जप्त होई.

येथें एक शंका येणें साहजिक आहे. समुद्र कोणाच्या मालकीचा? पोर्तुगालच्या राजाचें या किनाऱ्यावर मोजकीं ठाणीं सोडल्यास राज्य नव्हतें. तरीही विजापूरच्या आदिलशहासारख्या बलाढ्य सुलतानानेंही तहान्वयें दरसाल कांहीं जहाजांस मोफत कार्ताज मिळविले. मोफत परवाना ही सवलत दिसते खरी. परंतु ती घेणें म्हणजे परवाना देण्याचा दुसऱ्याचा हक्क कबूल करणेंच होय.

ही बोंच दिल्लीच्या पातशाहीसही लागली. अकबराची आत्या गुलबदन बेगम ही इतर बेगमांसह १५७५ त हजच्या यात्रेस निघाली. परंतु सुरतेस पोर्तुगीजांच्या परवान्यासाठीं खोळंबा होऊन प्रत्यक्ष जहाज १५७६ त हांकारलें गेलें. हिंदुस्थानच्या पातशहाच्या घरच्या स्त्रियांस मक्केस जाण्यासाठीं गोव्याकडील कागदाची वाट पाहावी लागली! याच काळांतील एक गोष्ट बदायूनीनें नमूद केली आहे. मखदूम-उल्-मुल्क या मौलवीनें असा फतवा दिला कीं, हिंदुस्थानांतील मुसलमानांवर हजचें बंधन राहिलेलें नाहीं. कारण खुष्कीच्या वाटेनें शियांच्या मुलुखांतून जावें लागतें, आणि समुद्रानें जावें तर येशू व मेरी यांचीं चित्रें असलेले फिरंग्यांचे परवाने जवळ बाळगावे लागतात. या मौलवीच्या हेतूविषयीं बदायूनीचें मत चांगलें नाहीं. पण फतव्यांतील अडचण लोकांच्या परिचयाची नसती, तर ती सबब म्हणूनही पुढें करितां आली नसती.

परवाना जवळ असला म्हणजे निर्भय झालें असेंही नव्हतें. १६१३ त ‘रहीमी’ नांवाचें मोठें जहाज सुरतेजवळ पोर्तुगीजांनीं धरून गोव्यास नेलें. तें जहांगीर पातशहाची आई मरियम-उझ्-झमानी हिच्या मालकीचें होतें, आणि त्याजवळ कार्ताजही होता. जहांगिरानें दमणेस वेढा घालविला व राज्यांतील जेसुइट पाद्र्यांचीं देवळें बंद करविलीं; १६१५ त सलोखा झाला. परवाना लिहिणाराच जेव्हां तो मोडतो, तेव्हां त्या कागदामागें न्याय नसून केवळ तोफा आहेत हें सर्वांस कळून चुकतें. इंग्रजांचें पाऊल सुरतेस पक्कें बसण्यास या प्रकरणाची मदत झाली.

आतां मराठ्यांकडे वळूं. कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर शिवाजी महाराजांनीं १६५९ च्या सुमारास तेथील खाडींत जहाजें बांधविण्यास आरंभ केला, आणि १६६४ त सिंधुदुर्गाचें काम सुरू झालें. ज्याला स्वतःचें आरमार नाहीं त्याला परवाना घ्यावा लागतो, आणि ज्याला आरमार आहे तो परवाना देऊं शकतो. हें मर्म या उद्योगांत आहे. तें शब्दांत मांडलेलें पाहावयाचें असेल तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राकडे जावें. हा ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा आहे. कौल घेऊन येणाऱ्या सावकारांच्या तरांड्यांस उपद्रव लागूं नये, यावर त्यांत कटाक्ष आहे. टोपीकरांविषयीं मात्र अमात्य निराळें सांगतात. हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशीं राज्यें आहेत, हें ते ओळखतात. म्हणून त्यांनीं यावें, व्यापार करावा व जावें. कायमचें राहण्यास जागा देऊं नये. जलदुर्ग त्यांच्या दृष्टीस पडूं देऊं नयेत. वखारीस जागा देणें भागच पडलें तर ती समुद्रकांठीं किंवा खाडीच्या मुखाशीं न देतां आंत दूरवर द्यावी, आणि पक्की इमारत बांधूं देऊं नये. परदेशीयास प्रवेश द्यावा कीं न द्यावा, किती दिवस, कोठें व कोणत्या शर्तीवर, याचा इतका स्पष्ट विचार त्या काळच्या मराठी वाङ्मयांत दुसरीकडे आमच्या पाहण्यांत नाहीं.

अमात्यांनीं जें लिहिलें तें कान्होजी आंग्रे यांनीं समुद्रावर चालविलें. सिधोजी गुजरांच्या मागून आरमाराचा कारभार कान्होजींकडे आला, आणि त्यांनीं आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबतांनीं आपलें दस्तक घेतलें पाहिजे असा नियम लाविला. दस्तक नसलेलें गलबत धरलें जाई. इंग्रज व पोर्तुगीज लेखकांनीं यास चांचेगिरी म्हटलें व तेंच नांव पुढें अनेक पुस्तकांत रूढ झालें. पण जो नियम दोनशें वर्षें गोवेकर चालवीत आले, आणि जो मुंबईकर स्वतःचे परवाने देऊन चालवीत होते, तोच कान्होजींनीं चालविला; मग एकाचें तें राज्य व दुसऱ्याचा तो दरोडा, हा न्याय कसला? आंग्र्यांच्या माणसांस लुटीचा लोभ नव्हता, किंवा प्रत्येक जप्ती नियमास धरून होती, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु रहीमी प्रकरण डोळ्यांपुढें ठेविलें म्हणजे तो दोष एकट्या आंग्र्यांच्या माथीं मारितां येत नाहीं.

वादाचा खरा गाभा १७१३ च्या तहांत दिसतो. १७१२ त आंग्र्यांच्या आरमारानें मुंबईच्या गव्हर्नराचें जहाजच धरिलें. त्यानंतर हा तह झाला. आंग्र्यांनीं कंपनीच्या जहाजांस उपद्रव देऊं नये असें ठरलें. उलट पक्षीं, कंपनीनें आपले परवाने आपल्या मान्यतेच्या व्यापाऱ्यांच्या जहाजांसच द्यावे, वाटेल त्यास देऊं नयेत, असें ठरलें. या कलमाचें महत्त्व मोठें आहे. एतद्देशीय सावकारानें मुंबईचा परवाना घेतला व इंग्रजी निशाण लाविलें कीं तो आंग्र्यांच्या दस्तकांतून सुटे. म्हणजे कंपनीच्या कागदानें मराठ्यांची प्रजाच मराठ्यांच्या हुकमांतून निघून जाई. हा तह फार काळ टिकला नाहीं. १७१८ त मुंबईकरांनीं खांदेरीवर व १७२१ त पोर्तुगीजांसह कुलाब्यावर चाल केली. दोन्ही वेळां त्यांस अपयश आलें. कान्होजी १७२९ त वारले. पुढें पेशव्यांनींच इंग्रजांच्या साह्यानें १७५६ त तुळाजी आंग्र्यांचें आरमार विजयदुर्गीं बुडविलें. त्या दिवशीं जहाजें जळालीं एवढेंच नव्हे. या किनाऱ्यावर मराठी दस्तकाचा जो धाक होता तोही त्यांबरोबर गेला. असाच वाद बंगाल्यांतही झाला. तेथें कंपनीचे नोकर तिच्या दस्तकाखालीं आपला खाजगी माल जकातीवांचून नेत. यावरून मीर कासमाशीं बिघाड होऊन १७६४ त बक्सारची लढाई झाली.

या सर्वांत सामान्य नाखव्याची स्थिति काय होती, याचाही विचार केला पाहिजे. मलबाराहून सुरतेस जाणाऱ्या गलबतास गोवेकर, आंग्रे, सिद्दी व मुंबईकर अशा अनेक सत्तांच्या समुद्रांतून जावें लागे. एकाचा परवाना दुसऱ्यास मान्य होईलच असें नव्हे, आणि शत्रूचा परवाना जवळ सांपडणें हाच कधीं गुन्हा ठरे. सार्वभौमत्वाचा वाद राजे करीत, त्याचा खर्च मालाच्या किंमतींत चढे.

आजच्या पासपोर्ट व व्हिसा यांच्या नियमांत जहाजाच्या जागीं मनुष्य आला आहे, एवढाच मोठा फरक. नांव, वय, कोठून आला, कोठें जाणार, किती दिवस, ही कार्ताजांतील विचारपूस जशीच्या तशी आहे. ब्रिटिश सरकारनें हिंदुस्थानांतील प्रवेशासाठीं १९२० त केलेला पासपोर्टचा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालत राहिला व २०२५ च्या नव्या कायद्यानें तो रद्द झाला. योग्य कागदांवांचून उतारू आणणाऱ्या वाहतूकदारास जबाबदार धरणारा २००० सालचा कायदाही २०२५ तच रद्द झाला; तो पाहिला म्हणजे तुर्क उतारूंबद्दल नाखव्यास धरणाऱ्या कार्ताजाची आठवण होते.

असो. लेखाच्या आरंभीं जो मुद्दा काढला त्याकडे परत येतों. कार्ताजांच्या नोंदवह्या गोव्याच्या दप्तरखान्यांत राहिल्या आहेत, आणि मुंबईकरांचा पत्रव्यवहारही जतन झाला. त्यामुळें या वादांत आजवर मुख्यतः दोन पक्षांची साक्ष झाली. तिसरा पक्ष बहुतांशीं मुका राहिला. तो बोलका करणें हें संग्राहकांच्या हातीं आहे. बंदरांतील जुन्या सावकारांच्या, भंडारी, कोळी व दालदी नाखव्यांच्या, तसेंच आरमारी सरदारांच्या घरीं जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांत किंवा हिशेबांच्या पाठीमागें असे कागद अजून असणें अशक्य नाहीं.

असा कागद सांपडल्यास चार गोष्टी अवश्य टिपाव्या: शिक्का कोणाचा व तो कागदाच्या कोणत्या भागीं आहे, हुकूम कोणास उद्देशून आहे, मुदत व हद्द काय दिली आहे, आणि मागील बाजूस वाटेंतील ठाण्यांच्या नोंदी आहेत काय. शेवटची बाब सर्वांत मोलाची, कारण परवाना मानला गेला याचा पुरावा तींतच असतो. कालाविषयीं एक सूचना करितों. शुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविल्यानें इसवी सन येतो, आणि हा सन मृग नक्षत्रीं पालटतो. त्याच सुमारास पावसाळ्यामुळें आपल्याकडील समुद्र बंद होतो व नारळी पौर्णिमेनंतर पुनः खुला होतो. म्हणून जलप्रवासाचा एक पुरा हंगाम एकाच शुहूर सनांत पडतो. महिना फाटला असला तरी नुसत्या सनावरून हंगाम निश्चित करितां येतो.

सनद सांपडली तर एका घराण्याचा इतिहास कळतो. दस्तक सांपडलें तर राज्याची हद्द लोकांच्या व्यवहारांत कोठपर्यंत पोंचली होती तें कळतें. तरी संग्राहकांनीं किरकोळ कागदांचें पुडकें टाकून देण्यापूर्वीं तें एकवार उलगडून पाहावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.