पक्ष्यांची खानेसुमारी

माणसांची खानेसुमारी हें सरकारचें काम आहे. पक्ष्यांची खानेसुमारी मात्र ठिकठिकाणच्या हौशी लोकांनीं आपण होऊन अंगावर घेतलेली आहे. ती कशी सुरू झाली आणि बालाघाटच्या पठारावरील अहमदपुरासारख्या गांवाचा तिच्याशीं संबंध काय, याचा थोडा विचार येथें करूं.

अमेरिकेंत नाताळच्या सुमारास दोन तट करून शिकारीस निघावयाचें आणि जो तट अधिक पशुपक्षी मारील तो जिंकला असें मानावयाचें, असा खेळ एकोणिसाव्या शतकांत रूढ होता. फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञानें १९०० सालीं सुचविलें कीं, पक्षी मारण्याऐवजीं मोजावे. त्या नाताळांत २५ ठिकाणीं २७ जण मोजावयास निघाले. ती प्रथा अद्याप चालू आहे.

आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालीं स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे एतद्देशीय होते. पुढें १९३१-३२ सालीं सलीम अली यांनीं निजामाच्या राज्यांतील पक्ष्यांची पाहणी केली. अहमदपूर १९५६ पर्यंत त्याच मुलखाच्या बिदर जिल्ह्यांत मोडत असे. कोणत्या जाती कोठें आढळतात, हा त्या पाहणीचा मुख्य प्रश्न होता. दर हिवाळ्यास कोणता पक्षी वाढला व कोणता घटला, हें एका पाहणीवरून कळणें शक्य नव्हतें.

हें ज्ञान आमच्या शेतकऱ्यास नव्हतें असें मात्र नाहीं. ज्वारी हुरड्यास आली कीं मध्य आशियांतून आलेल्या भोरड्यांचे थवे तिच्यावर उतरतात. माळ्यावर उभें राहून गोफण फिरविणारा राखणदार, यंदां त्या किती आल्या, हें एका नजरेंत ओळखतो. परंतु ही जाण त्याच्याबरोबरच जाते. मागें राहते ती केवळ ‘पूर्वीं पुष्कळ असत’ एवढी आठवण. आणि आठवण ही इतिहासाची दुबळी साक्षीदार होय.

तिचा दुबळेपणा एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. चिमण्या नाहींशा झाल्या, असें जो तो म्हणतो. २०२० सालीं भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयीं एक अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारें साडेपंधरा हजार हौशी निरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदी त्याच्या मुळाशीं होत्या. मोठ्या शहरांत चिमणी घटली आहे, पण देशभर पाहतां पंचवीस वर्षांत तिची संख्या साधारण स्थिर आहे, असें त्यानें दाखविलें. उलट आमच्या माळरानाचा माळढोक १९६९ सालीं देशांत सुमारें १,२६० असावा असा अंदाज होता. तो पुढें दीडशेंच्या आसपास आला. शोक कोणासाठीं करावा आणि धांव कोणासाठीं घ्यावी, हें आंकड्यावांचून कळत नाहीं.

हा आंकडा घरबसल्या देतां येतो. उत्तर अमेरिकेंत १९९८ सालीं निघालेल्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या गणनेंत भारत २०१३ पासून सामील आहे. फेब्रुवारींतील चार दिवसांत अंगणांत, गच्चीवर अथवा तळ्याकांठीं निदान १५ मिनिटें बसावें. जे पक्षी खात्रीनें ओळखतां येतील त्यांची नांवें व संख्या लिहावी. एकच पक्षी पुनः पुनः मोजूं नये. आणि यादी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर नोंदवावी. कावळा व साळुंकी यांना क्षुद्र समजून वगळूं नये, कारण नेहमींचा पक्षी घटूं लागल्याचें नेहमींच्या नोंदीवरूनच उमगतें.

खानेसुमारी या शब्दाचा मूळ अर्थ घरांची मोजदाद असा आहे. ही खानेसुमारी घरांघरांतूनच व्हावयाची आहे. जेथें मोजणारे थोडे, तेथला नकाशा कोरा राहतो. आणि कोरा नकाशा पाहणारास तेथें पक्षीच नव्हते असें वाटूं शकतें. पन्नास वर्षांनीं कोणी अहमदपूरच्या भोरड्यांविषयीं विचारूं लागला, तर आमचे उसासे त्याच्या कामीं येणार नाहींत. तारीख, वेळ आणि संख्या एवढ्या तीन गोष्टी मात्र येतील.