‘च’चे लक्षण

मुंबईत १८२९ साली शास्त्रीमंडळींचा मराठी-मराठी कोश प्रसिद्ध झाला आणि १८३१ मध्ये मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, तेव्हा जमाबंदी, वतन, दफ्तर यांसारख्या शब्दांनी त्या विद्वानांस फारसे अडविले नसावे. कारण ज्या वस्तूकडे वा व्यवहाराकडे बोट दाखविता येते, तिचे लक्षण बांधता येते. खरी कसोटी लागते ती ‘च’, ‘ना’, ‘तर’ अशा चिमुकल्या शब्दांपाशी, जे तीन वर्षांचे मूलही बिनचूक योजते. यास्काचार्यांनी अशा शब्दांना निपात म्हटले, आणि ते नानाविध अर्थांत पडतात, हेही तेव्हाच ओळखले.

आपला ‘च’ पाहा. संस्कृतातील ‘च’ दोन पदार्थांना जोडतो. मराठीतला मात्र एकाला बाकीच्यांतून वेगळे काढतो. ‘मीच जातो’ म्हणणारा इतरांची वाट अडवितो, तर ‘मी जातोच’ म्हणणारा स्वतःच्या माघारीची. अक्षर तेच, एका शब्दावरून उठून दुसऱ्यावर बसले एवढेच, आणि सारा अभिप्राय पालटला. ‘निश्चयार्थक’ हे एकच लक्षण या दोहोंना पुरावे, हे माझ्या मनाला पटत नाही.

दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ पासून १९३८ पर्यंत निघाले, तरीही, उंबरठ्यावर थबकलेल्या पाहुण्याला आजी ‘ये ना’ म्हणते, तेव्हा नकाराचेच अक्षर आर्जव कसे होते, हे मी अजून न्याहाळीत असतो.