बधिरांचें शिक्षण आणि आपली ख्रिस्तसभा

ज्या मुलास आपण ‘मुका’ म्हणतों, त्याच्या जिव्हेंत वा कंठांत बहुधा कांहींच व्यंग नसतें. त्यास ऐकूं येत नाहीं. आणि जो शब्द कधीं कानीं पडला नाहीं तो मुखीं येणार कसा? ही साधी गोष्ट ध्यानांत येण्यास जगास कित्येक शतकें लागलीं. तोंपर्यंत बधिर मूल बुद्धिहीन समजलें जाई. श्रद्धा श्रवणानें येते, या संत पौलाच्या वचनाचा विपरीत अर्थ करून, अशा मुलास धर्मशिक्षण देणें व्यर्थ, असेंहि कित्येक मानीत.

हा समज मोडण्यांत धर्मगुरू व मठवासी अग्रभागीं होते. सोळाव्या शतकांत स्पेनमधील बेनेडिक्टाइन मठवासी पेद्रो पोन्से दे लेओन यांनीं सरदार घराण्यांतील बधिर मुलांस वाचावयास, लिहावयास व बोलावयासहि शिकविलें. गरिबांच्या मुलांसाठीं मात्र द्वार उघडलें तें पॅरिसच्या आबे द लेपे यांनीं. अठराव्या शतकाच्या मध्यास त्यांस दोन बधिर बहिणी भेटल्या. त्यांस चित्रें दाखवून शिकविणारे धर्मगुरू वारले होते. या मुली आतां धर्मज्ञानावांचूनच राहणार, या विचारानें लेपे अस्वस्थ झाले. बधिर लोक आपसांत ज्या खुणा करीत, त्याच त्यांनीं शिकून घेतल्या व त्यांच्या आधारें शाळा चालविली. शिक्षकानें शिष्याची भाषा आधीं शिकावी, हें आजहि किती थोड्यांस सुचतें!

पुढें 1880 सालीं मिलान येथें भरलेल्या बधिर-शिक्षकांच्या परिषदेनें खुणांची भाषा वर्ज्य ठरविली, आणि ओठ पाहून समजणें व मुखानें बोलणें हीच पद्धति योग्य, असा ठराव केला. ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ हीं अक्षरें नुसत्या ओठांवरून वेगळीं ओळखतां येतात काय, हें वाचकांनीं आरशासमोर उभें राहून पाहावें. या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला तो व्हँकुव्हर येथील परिषदेंत, 2010 सालीं. मध्यंतरीं कित्येक पिढ्यांचे हात बांधले गेले.

अशा काळांत, 1885 सालीं, मुंबईचे बिशप लिओ म्यूरिन यांनीं मूक-बधिरांसाठीं शाळा स्थापिली. ही हिंदुस्थानांतील पहिली बधिर-शाळा गणली जाते. म्यूरिन जन्मानें बर्लिनचे, येशूसंघीय धर्मगुरू. 1887 सालीं ते मॉरिशसला गेले, पण शाळा राहिली. तिच्या स्थापनेनंतर एकाच वर्षानें, 1886 सालीं, आपला पुणें धर्मप्रांत निर्माण झाला. त्या वेळीं सातारा हा इंग्रजी मुलखांतील जिल्हा होता, आणि सांगली व मिरज हीं पटवर्धनांचीं संस्थानें होतीं. वाई वा तासगांवच्या शेतकऱ्यास मुंबईची शाळा म्हणजे पोटचें पोर वर्षानुवर्षें दृष्टीआड करणें होतें. अशा घरचें मूल गुरें राखीतच मोठें झालें, तर दोष आईबापांस देववत नाहीं.

आज तसें कारण उरलेलें नाहीं. 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास 6 ते 18 वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क 2016 च्या कायद्यानें दिला आहे; आणि 2018 सालीं भारतीय सांकेतिक भाषेचा 3000 शब्दांचा कोशहि निघाला. तथापि सहा वर्षांपर्यंत वाट पाहूं नये. भाषा मनांत रुजते ती पहिल्या कांहीं वर्षांत. हांक मारल्यावर तान्हें मूल वळत नसेल, तर ‘मोठेपणीं बोलेल’ असें म्हणून न थांबतां तें लगेच डॉक्टरांकडे न्यावें.

ख्रिस्तसभेचा नियमहि बधिरांस अनुकूल आहे. पापनिवेदन दुभाष्यामार्फत करण्याची मोकळीक धर्मविधिसंहिता देते, आणि धर्मगुरूप्रमाणें त्या दुभाष्यासहि गुप्तता बंधनकारक करते. मात्र असा दुभाषी आधीं हवा. या ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या धर्मग्रामानें निदान दोन तरुण धर्मशिक्षकांस सांकेतिक भाषा शिकण्यासाठीं पाठवावें, आणि त्यांचा खर्च उत्सवाच्या निधींतूनच द्यावा. रोषणाई थोडी कमी झाली तरी चालेल.