अंतरींचें बालक आणि शवासन

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत एका उपचारपद्धतीचें नांव वारंवार कानीं पडूं लागलें आहे. मनुष्यास स्वस्थ निजवावयाचें, एकेक अवयव क्रमानें सैल सोडावयास सांगावयाचें, आणि मग मंद आवाजांत त्याच्या मनापुढें एक चित्र उभें करावयाचें: जुनें घर, घरापुढील अंगण, आणि तेथें एकटें बसलेलें पांच-सहा वर्षांचें मूल. तें मूल म्हणजे तो स्वतःच. त्याच्याजवळ जावें, त्याला पोटाशीं धरावें, त्या वेळीं त्याच्याशीं कोणी जें बोललें नाहीं तें आज आपण बोलावें, म्हणजे जुनें शल्य निघतें, असें सांगतात. कोणी ह्याला पाश्चात्त्य खूळ म्हणून हंसतात. कोणी हें सारें आमच्या योगशास्त्रांत पूर्वींच होतें असें म्हणून मोकळे होतात. इतिहास पाहण्याचे कष्ट दोन्ही पक्षांनीं घेतलेले दिसत नाहींत.

वास्तविक येथें दोन निरनिराळे प्रवाह एकत्र आले आहेत. एक शरीर शिथिल करण्याचा, दुसरा बाल्यस्मृतीचा. पैकीं पहिल्याचें मूळ आपल्याकडे खरोखरच सांपडतें. सामान्यतः पंधराव्या शतकांतील समजल्या जाणाऱ्या स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेंत शवासन सांगितलें आहे. प्रेताप्रमाणें जमिनीवर उताणें पडावें. त्यानें श्रम हरतात आणि चित्तास विश्रांति मिळते. एवढेंच. बालपणाचा त्यांत शब्दही नाहीं, आणि नसावा हेंच योग्य. कारण योग्याला आठवणींत परत शिरावयाचें नव्हतें, त्यांच्या पलीकडे जावयाचें होतें.

ह्या आसनास प्रयोगशाळेचा उंबरठा दाखविण्याचें श्रेय मुख्यतः जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांस आहे. नर्मदातीरीं मालसर येथें परमहंस माधवदासजींजवळ ते योग शिकले, अंमळनेरास अध्यापन करीत राहिले, आणि १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें नियतकालिक निघूं लागलें. क्ष-किरणांनीं आणि दाबमापकांनीं योगक्रियांची परीक्षा करावी, ही कल्पना त्या काळीं शास्त्र्यांस व डॉक्टरांस सारखीच विचित्र वाटली असल्यास नवल नाहीं. युरोप-अमेरिकेंतही हा विषय त्याच सुमारास पुढें येत होता: एडमंड जेकबसन यांचा क्रमशिथिलीकरणावरील ग्रंथ १९२९ चा, आणि बर्लिनच्या शुल्ट्झ यांचा स्वयंसूचनेवरील ग्रंथ १९३२ चा. पुढें १९६९ सालीं मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनीं कैवल्यधामच्या डॉ. विनेकर यांसह तिघां सहकाऱ्यांबरोबर रक्तदाबाच्या ४७ रोग्यांवर शवासनाचा प्रयोग प्रसिद्ध केला. रोग्यानें उताणें पडून संथ श्वास घ्यावा, आंत येणारी हवा थंड आणि बाहेर जाणारी ऊन लागते एवढ्याकडेच लक्ष ठेवावें. औषध न घेणाऱ्या दहा रोग्यांचा सरासरी दाब १३४ वरून १०७ वर आला, आणि औषध घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांची मात्रा कमी करतां आली. रोगी थोडे होते हें खरें. पण पुढें इंग्लंडांत चंद्रा पटेल यांनीं १९७३ पासून हेंच सूत्र अधिक काटेकोरपणें तपासलें. तात्पर्य, शरीर सैल सोडण्याचा गुण ही केवळ भाविकांची समजूत राहिलेली नाहीं.

दुसरा प्रवाह मात्र आपला नव्हे. फ्रॉइडशीं फारकत झाल्यावर, १९१३ च्या सुमारास, कार्ल युंग हे अत्यंत व्याकुळ असतां लहानपणाप्रमाणें सरोवराच्या कांठीं दगडांचीं घरें बांधीत बसत. १९४० सालीं त्यांनीं 'बालक' ह्या मनांतील आद्यप्रतिमेवर निबंध लिहिला. अमेरिकेंत मिसिल्डाइन (१९६३), व्हिटफील्ड (१९८७) आणि ब्रॅडशॉ (१९९०) यांनीं ती कल्पना सामान्य वाचकांच्या घरांत नेली. ह्यांतील पुष्कळसें लेखन बाजारी आहे, पण मूळची वेदना बाजारी नाहीं.

आपल्याकडे ह्या वेदनेचा सर्वांत प्रामाणिक आविष्कार एका तुरुंगांत झाला. पांडुरंग सदाशिव साने १९२४ सालीं, म्हणजे गुणे लोणावळ्यास स्थिर झाले त्याच वर्षीं, अंमळनेरच्या शाळेंत शिक्षक झाले. १९३० सालीं नोकरी सोडून ते सत्याग्रहांत पडले. १९३२ मध्यें धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीताप्रवचनें त्यांनीं लिहून घेतलीं, आणि फेब्रुवारी १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. आई १९१७ सालीं गेली होती. पुस्तकाची रचना पाहण्यासारखी आहे. दिवस मावळतो, आश्रमांत प्रार्थना होते, मंडळी शांत बसतात, आणि मग श्याम एकेक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. मन आधीं निवूं द्यावयाचें आणि मगच बालपणाचें दार उघडावयाचें, हा क्रम कोणत्याही उपचारकानें न शिकवितां येथें आलेला आहे.

तथापि भेद मोठा आहे. आजच्या पद्धतींतील बालक बहुधा अन्याय सोसलेलें असतें, आणि दोष आईबापांचा असतो. साने गुरुजींस दिसलेला श्याम पोहण्याला भिऊन लपणारा, पुस्तकासाठीं पैसे चोरणारा आहे. प्रौढ श्याम त्याची कड घेत नाहीं आणि त्याला टाकूनही देत नाहीं. माझ्या मतें येथें मराठी पुस्तक अधिक धीट आहे. पण एवढ्यानें शल्य निघालें काय? ११ जून १९५० रोजीं, वयाच्या एकावन्नाव्या वर्षीं, गुरुजींनीं आपण होऊन जीवन संपविलें. त्या कृत्याचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्यास नाहीं. परंतु बालपणाची आठवण डोळे भरून काढली कीं मनुष्य बरा होतो, असें छातीठोकपणें सांगणाऱ्यांनीं हा दिवस विसरूं नये.

आणखी एक धोका आहे. १९९५ सालीं एलिझाबेथ लॉफ्टस यांनीं चोवीस प्रौढांस, तुम्ही लहानपणीं बाजारांत हरवलां होतां, अशी न घडलेली गोष्ट आप्तांच्या हवाल्यानें सांगितली. सुमारें एक चतुर्थांश लोकांस ती थोडीफार 'आठवूं' लागली. मन सैल पडलें आणि कोणी आवाजानें चित्र दाखवूं लागला, म्हणजे तर कल्पना आणि आठवण यांमधील कुंपण फारच ठेंगणें होतें. विसावा देणारा तो आवाज कोणाचा आहे, ह्याची चौकशी म्हणूनच आवश्यक ठरते.

ज्यांना डोळे मिटून पडण्यास फुरसत आहे, त्यांच्याविषयीं हें झालें. पालघर जिल्ह्यांत, मोखाडा तालुक्यांतील पोशेऱ्यासारख्या गांवांच्या बाजूस, दिवाळी उलटली म्हणजे कित्येक कुटुंबें वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, आणि मुलेंही त्यांच्याबरोबर जातात. जवळच्या जव्हार तालुक्यांत वावर-वांगणी येथें १९९२ सालीं भुकेनें खंगलेलीं बालकें दगावलीं, त्याची वार्ता साऱ्या राज्यभर गेली होती. ह्या मुलांचें बाल्य अजून 'अंतरींचें' झालेलें नाहीं. तें डोळ्यांसमोर चालू आहे. ह्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, बोर्डीस, ताराबाई मोडक १९४५ सालीं शहरांतील मॉंटेसरी शाळा मागें ठेवून आल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या, ज्यांचें लग्न तेराव्या वर्षीं झालें आणि सहा महिन्यांत वैधव्य आलें. मॉंटेसरी पद्धतींत शांततेचा एक खेळ आहे: मुलें निश्चल बसतात, दुरून कुजबुजीनें नांव पुकारलें जातें, आणि ज्याचें नांव तें मूल पाय न वाजवितां उठून जातें. पण पाड्यावरचीं मुलें शाळेंतच येईनात. तेव्हां ह्या दोघींनीं शाळा पाड्याच्या अंगणांत नेली. आणि पुढें कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर, जीं मुलें गुरांमागें रानांत जात त्यांच्यासाठीं कुरणांतच शाळा भरविली.